धाराशिवच्या 1,31,746 बायका आणि एका तपासणीचा हिशोब

तेरणाकाठ (धाराशिव)

नमस्कार मंडळी.

जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्याची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "पैसे थोडे आहेत, स्वस्तात होईल ते घ्या." गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दलही हेच बोललं जातं. मला ते पटत नाही. का पटत नाही ते आकड्यांनिशी मांडतो, आणि हे आकडे आपल्याच जिल्ह्यातले आहेत.

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे 52 गट पाडले आणि यादृच्छिक पद्धतीने चार भागांत वाटले. 30 ते 59 वयाच्या एकूण 1,31,746 निरोगी बायका त्यात होत्या. एका भागात एचपीव्ही (ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो तो विषाणू) आहे का याची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखावर पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघणं. चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था. तपासणी आयुष्यात एकदाच, आणि पुढे आठ वर्षं पाठपुरावा. निष्कर्ष 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले.

दर लाख व्यक्ती-वर्षांमागे (एका बाईचा एक वर्ष पाठपुरावा म्हणजे एक व्यक्ती-वर्ष) या कॅन्सरने झालेले मृत्यू असे: तपासणी नसलेल्या भागात 25.8, पॅपच्या भागात 21.5, व्हीआयएच्या भागात 20.9 आणि एचपीव्हीच्या भागात 12.7. एचपीव्ही गटात 34 बायका दगावल्या, तपासणी नसलेल्या गटात 64. निम्म्याच्या आसपास फरक, तोही एकाच तपासणीने.

आता खर्च. याच अभ्यासाच्या आधारे 2005 मध्ये खर्चाचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. दर हजार पात्र बायकांमागे व्हीआयएला सुमारे 3,900 डॉलर, पॅपला 6,600 आणि एचपीव्हीला 11,800. म्हणजे एचपीव्ही व्हीआयएच्या तिप्पट महाग. नुसता हा तक्ता बैठकीत ठेवला तर सगळे व्हीआयएवर बोट ठेवतील.

पण दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. आठ वर्षांत हजार बायकांमागे एचपीव्हीने साधारण एक मृत्यू टळला, व्हीआयएने 0.4 आणि पॅपने 0.35 च्या आत. हा भागाकार मी केलेला आहे, ढोबळ आहे, कुणी दुरुस्त केला तर आनंदच आहे. एक मृत्यू टाळायला व्हीआयएने जवळपास 10,000 डॉलर पडतात, एचपीव्हीने साडेअकरा हजारांच्या आसपास आणि पॅपने एकोणीस हजारांच्या आसपास. तिप्पट महाग वाटणारी चाचणी टळलेल्या मृत्यूच्या मापाने सव्वापटीच्याही आत पडते आणि अडीचपट जीव वाचवते.

खर्च-परिणामकारकतेचं विश्लेषण एवढंच विचारतं: आधीच्या पर्यायापेक्षा जास्तीचे किती रुपये लागले आणि त्या जास्तीच्या रुपयांत जास्तीचं काय मिळालं? हा प्रश्न आपल्या जिल्हा पातळीवर कधी विचारला जाताना मी पाहिलेला नाही. जगाने मात्र आपल्या बायकांच्या या आकड्यांवरून धोरणं ठरवली. 2021 पासून जागतिक आरोग्य संघटना पहिली पसंती एचपीव्ही चाचणीलाच देते. आपल्याकडे 2016 च्या केंद्राच्या आराखड्याप्रमाणे 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए व्हायला हवी. तीही होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी 2 टक्क्यांहून कमी जणींनी अशी तपासणी कधी ना कधी केल्याचं सांगितलं.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहावं. ज्यांना गावातलं कळतं त्यांनी तर लिहावंच.

मन्याड (नांदेड)

लेख मन लावून वाचला. तरी एक गोष्ट खटकली ती स्पष्ट लिहितो. "एक मृत्यू टाळायला दहा हजार डॉलर" हे वाचताना कसंतरी होतं हो. उद्या कुणी म्हणेल साडेअकरा हजार जास्त झाले, राहू द्या. माझी आत्या याच आजाराने गेली. तिला कुठल्या रकान्यात बसवायचं?

अर्थशास्त्र_लातूर

मन्याड दादा, तुमच्या आत्याबद्दल वाईट वाटलं. तुमचा आक्षेप रास्त आहे आणि या शास्त्रातली माणसंही त्यावर वर्षानुवर्षं भांडत आलेली आहेत.

पण हिशोब मांडला नाही म्हणून निवड टळत नाही. पैसे आजही कुठे तरी खर्च होतातच: एखादं यंत्र येतं, इमारत उभी राहते, शिबिर होतं. त्यात कुणाची तरी आत्या वाचते आणि कुणाची तरी वाचत नाही. हिशोब नसेल तर ती निवड कुणाच्या तरी शब्दावर होते आणि तिला कुणी जाबही विचारू शकत नाही. कागदावर असेल तर तुम्ही-मी उठून म्हणू शकतो की हा आकडा चुकीचा आहे.

आता तेरणाकाठ यांच्या मांडणीत एक भर. त्यांनी प्रत्येक चाचणीची तुलना 'काहीच नाही'शी केली. ते अपुरं आहे. पर्याय खर्चाच्या चढत्या क्रमाने लावायचे आणि प्रत्येकाची तुलना खालच्या पायरीशी करायची. व्हीआयएवरून पॅपवर जा: खर्च 2,700 डॉलरने वाढतो आणि टळणारे मृत्यू थोडे कमीच होतात. म्हणजे पॅप यादीतून बाद, तो महागही आहे आणि उणाही. मग व्हीआयएवरून थेट एचपीव्हीवर: जास्तीचा खर्च 7,900 च्या आसपास, जास्तीचे टळलेले मृत्यू सुमारे 0.65. भागाकार 12,200 डॉलर. निर्णय घेताना बघायचा आकडा हा.

हे महाग की परवडणारं? मृत्यूऐवजी आयुष्याची वर्षं मोजू. पन्नाशीतली बाई वाचली तर तिला निदान वीस वर्षं मिळाली असं धरू. पुढच्या वर्षांचं मोल आजच्यापेक्षा कमी धरून त्यांना दरसाल 3 टक्के सूट लावायची भारतात पद्धत आहे, त्यामुळे वीसची पंधरा होतात. म्हणजे आयुष्याच्या एका वर्षाला आठशेच्या आसपास डॉलर. त्या काळी भारताचं दरडोई उत्पन्न सातशे डॉलरच्या घरात होतं. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली 2017 पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे. ती एका निरोगी वर्षासाठी एका दरडोई उत्पन्नाएवढा खर्च ही ढोबळ मर्यादा मानते. म्हणजे 2005 च्या भावाने एचपीव्ही उंबरठ्याच्या किंचित बाहेर उभी होती.

यात दोन गोष्टी जोडा. आठ वर्षांनंतर टळणारे मृत्यू आपण मोजलेलेच नाहीत, त्यामुळे आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. आणि तेव्हापासून दरडोई उत्पन्न तिपटीहून जास्त झालं आहे.

मन्याड (नांदेड)

समजलं. कागदावर आलं तर भांडता येतं, हे पटलं. पण एका निरोगी वर्षाचं माप म्हणजे काय? आजारी माणसाचं वर्ष कमी मोलाचं धरतात का?

अर्थशास्त्र_लातूर

धरतात, आणि सगळ्यात जास्त वाद तिथेच आहे. पूर्ण निरोगी वर्षाला 1, मृत्यूला 0 आणि मधल्या अवस्थांना लोकांनाच विचारून काढलेले गुण. याला क्वाली म्हणतात. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था बरीच वर्षं एका क्वालीला 20,000 ते 30,000 पौंड अशी मर्यादा वापरत होती. भारतीयांनी कोणत्या अवस्थेला किती गुण दिले याचा संच चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने तयार केला आहे, त्याआधी आपण परक्या देशांचे गुण उसने घेत होतो. अपंग किंवा कायमच्या आजारी माणसाचं आयुष्य लांबवलं तर या मापात गुण कमी पडतात. म्हणून हा आकडा एकटा निर्णय करत नाही, करूही नये. जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनीही दरडोई उत्पन्नाची पट्टी सरसकट लावू नका असं पुढे बजावलं आहे.

दुधना_परभणी

मी संख्याशास्त्र शिकवतो. वरचं सगळं चांगलं आहे, पण एका जागी सगळे घसरत आहात.

व्हीआयएने 0.4 मृत्यू टळले असं म्हणता येत नाही. त्या अभ्यासात व्हीआयए गटाचं धोक्याचं गुणोत्तर (तपासणी नसलेल्या गटाच्या मानाने मृत्यूचा धोका किती पट; 1 म्हणजे काहीच फरक नाही) 0.86 आलं आणि त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, 0.60 ते 1.25. म्हणजे व्हीआयएने 40 टक्के मृत्यू कमी केले असतील किंवा काहीच केले नसतील, दोन्ही शक्यता त्या आकड्यात बसतात. एचपीव्हीचं गुणोत्तर 0.52, मर्यादा 0.33 ते 0.83. ती पूर्ण 1 च्या खाली आहे. दहा हजार विरुद्ध साडेअकरा हजार अशी तुलना करताना पहिला आकडा धुक्यात आहे हे विसरू नका. चांगल्या विश्लेषणात हजारो वेळा आकडे हलवून बघतात आणि मग सांगतात की अमुक मर्यादेत हा पर्याय परवडण्याची शक्यता इतकी टक्के.

त्याच वेळी व्हीआयए निकामी आहे असा अर्थही काढू नका. तमिळनाडूत दिंडिगुलला व्हीआयएच्या एका फेरीने मृत्यू 35 टक्के कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तिथे 31 टक्के घट आली. चाचणी तीच, पण कोण करतं, किती वेळा करतं आणि डाग दिसल्यावर उपचार त्याच दिवशी होतात का, यावर सगळं ठरतं. डोळ्यांनी बघायची चाचणी बघणाऱ्यागणिक बदलते. एचपीव्हीचं यंत्र मात्र भूमला आणि मुंबईला तेच उत्तर देतं.

आणखी एक आकडा जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तपासणीत निर्दोष ठरलेल्या बायकांपैकी पुढे कितींना कॅन्सर झाला? दर लाख व्यक्ती-वर्षांमागे पॅपने निर्दोष ठरलेल्यांत 15.5, व्हीआयएने 16.0 आणि एचपीव्हीने 3.7. एचपीव्ही 'नाही' म्हणाली तर बाई पुष्कळ वर्षं निर्धास्त राहू शकते. दर पाच वर्षांनी होणाऱ्या व्हीआयएच्या खर्चाशी तुलना करताना हे अंतर धरलंच पाहिजे.

सिंदफणा (बीड)

तुमचं समदं वाचलं. डॉलर, उंबरठा, ठीक हाय. पण 'नेहमीची व्यवस्था' म्हणून जो रकाना टाकलाय, तो आमच्याकडं काय असतो ते बघा.

बाईच्या अंगावरून जातंय, कंबर दुखतेय. ती कारखान्यावरून आली की दवाखान्यात जाते. तिथं सांगत्यात, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल. घाबरून काढून टाकती. तिशी-पस्तिशीतल्या बायका. 2019 ला सरकारनं समिती नेमली, बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. हे बाहेर आलं तवा सगळीकडं चर्चा झाली, आता कुणी नाव काढत नाही.

मग मला सांगा, तपासणी नाही केली तर खर्च शून्य कसा? त्या ऑपरेशनचा पैसा मुकादमाकडून उचल घेऊन भरलेला असतो. त्यो फेडायला नवरा-बायकोचा कोयता पुढच्या हंगामाला बांधलेला. ऑपरेशननंतर कंबर जाती, पण मोळी उचलावीच लागती. आजारपणात एक दिवस चुकला तर खाडा लावत्यात, वरून पैसे कापत्यात. खरी चाचणी असती अन् तिला कुणी सांगितलं असतं की माय, तुला काही झालेलं नाही, तर ती पिशवी वाचली असती. हे तुमच्या हिशोबात कुठं हाय?

तेरणाकाठ (धाराशिव)

सिंदफणा भाऊ, हे माझ्या मांडणीत नव्हतं आणि असायलाच हवं. भारतातल्या मूल्यमापनाच्या नियमावलीत खर्च समाजाच्या बाजूने मोजायला सांगितलं आहे, सरकारी तिजोरीचा वेगळा आणि कुटुंबाच्या खिशातला वेगळा दाखवून. पण प्रत्यक्षात रुग्णालयाच्या हिशोबवहीतून आकडे सहज मिळतात आणि बाईच्या खिशातले मिळवायला गावात फिरावं लागतं, म्हणून दुसरा रकाना पातळ राहतो. बीडसाठी कुणी हे विश्लेषण करायला घेतलं तर 'नेहमीची व्यवस्था' म्हणून नाहक काढलेल्या पिशव्यांचा खर्च, कर्ज आणि नंतरचा त्रास धरावाच लागेल. मग दोन्ही चाचण्या आजच्यापेक्षा कितीतरी किफायतशीर दिसतील असं मला ठामपणे वाटतं.

किरणोपचार_निवासी

मी मराठवाड्यातल्या एका शासकीय कर्करोग विभागात शिकतो आहे. उपचाराच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका उशिरा येतात, आजार पुढे गेलेला असतो. मग आठवड्यातून पाच दिवस असं पाच आठवडे बाहेरून किरणोपचार, आठवड्याला एक केमो आणि त्यानंतर आतून किरणोपचार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचे पैसे भागतात, हे फार मोठं काम आहे. पण जवळजवळ दोन महिने शहरात राहायचं कुठे, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, घरी लेकरं. काही जणी अर्ध्यावर निघून जातात आणि पुन्हा येतात तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. हा सगळा खर्च टळतो, तो विश्लेषणात वजा व्हायला हवा.

मात्र एक सावधगिरी. तपासणी सुरू केल्यावर पहिली काही वर्षं उपचाराचा खर्च वाढतो, कारण लपलेले रुग्ण सापडतात. जे फक्त पुढच्या दोन वर्षांचा ताळेबंद बघतील ते म्हणतील कार्यक्रम फसला. म्हणून हिशोब बाईच्या उरलेल्या आयुष्याएवढा लांब धरायचा असतो.

निळकंठा

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. चौथ्या भागातल्या 31,488 बायकांना तपासणी दिलीच नाही आणि त्यांच्यातल्या 64 मेल्या. हे आकडे आपण आनंदाने वापरतोय. ते बरोबर आहे का?

दुधना_परभणी

बरोबर विचारलंत. यावर देशात आणि बाहेर मोठा वाद झाला आहे. संशोधकांचं म्हणणं असं की त्या काळी भारतात पद्धतशीर तपासणी कुठेच नव्हती, म्हणजे त्या बायकांकडून काही काढून घेतलेलं नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की पॅपचा उपयोग आधीपासून माहीत होता, तेव्हा असा गट ठेवायलाच नको होता. मला टीकाकारांच्या म्हणण्यात वजन वाटतं. इतकंच सांगतो की त्या 64 जणींच्या मृत्यूतून मिळालेली माहिती त्यांच्याच जिल्ह्यात वापरली न जाणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

कळंबची_आशा

मी आशा म्हणून काम करते. सगळ्यांचं वाचून धीर आला म्हणून लिहितेय.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका कुणाला आहे ते बघायची प्रश्नावली) आम्हीच भरतो. बायकांना विचारतो, अंगावरून जातं का, मध्येच रक्त जातं का. त्या सांगतात. मग पुढं काय, हे त्या विचारतात तेव्हा आमच्याकडं उत्तर नसतं. उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई आहेत, पण व्हीआयएचं प्रशिक्षण सगळ्यांना मिळालेलं नाही, पडदा नाही, कधी लाइट नाही. तपासून घ्यायला बाई टेबलावर झोपायला लाजते. एकदा आली आणि काही कळलं नाही तर दुसऱ्यांदा येत नाही.

मला एवढं सांगा, ही एचपीव्हीची चाचणी बाईला स्वतः घेता येते असं ऐकलंय, खरं आहे का?

किरणोपचार_निवासी

हो ताई, खरं आहे. छोटा ब्रश असतो, बाई आडोशाला जाऊन स्वतः नमुना घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिलेली आहे. टेबल, पडदा, लाज, तिन्ही अडचणी कमी होतात. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि दोष निघेल तेवढ्याच बायकांना पुढे बोलवावं लागतं. क्षयरोगासाठी ठिकठिकाणी ट्रूनॅट यंत्रं आलेली आहेत, त्यावर एचपीव्हीची चिपही चालते. यंत्राचा खर्च दोन कार्यक्रमांत वाटला गेला की दर चाचणीचा भाव उतरतो. 2005 च्या विश्लेषणात हे काहीच नव्हतं.

मन्याड (नांदेड)

आणि लस? मुलींना लस दिली तर हे सगळं लागणारच नाही ना?

अर्थशास्त्र_लातूर

लस हवीच, आणि तिथेही आपल्या भागाचा हात आहे. एका डोसने भागतं का, याचं उत्तर देणाऱ्या भारतातल्या मोठ्या अभ्यासात बार्शी हे एक केंद्र होतं. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षांत एचपीव्हीच्या 16 आणि 18 या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसची परिणामकारकता 95.4 टक्के निघाली, तीन डोसइतकीच. तीनऐवजी एक डोस म्हणजे खर्च एक तृतीयांश आणि संरक्षण तेवढंच. खर्च-परिणामकारकतेत याहून सरळ उदाहरण मिळणं कठीण. शिवाय पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आता देशातच बनते.

पण लस मुख्यतः 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी. त्यांच्या आया आज तीस-पस्तीसच्या आहेत, विषाणू अंगात असेल तर लस तो काढत नाही. त्यांना तपासणीच लागते.

सिंदफणा (बीड)

तपासणी ठेवा, पण कवा ठेवता ते बघा. सरकारी शिबिरं बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत, मार्चच्या आत पैसा खर्चायचा असतो म्हणून. तवा आमच्या बायका सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात फडावर असत्यात. गावात म्हातारी माणसं अन् शाळकरी लेकरं. तुमची चाचणी कितीबी चांगली असू द्या, बाईच नाही तर कुणाची करणार?

दुधना_परभणी

हा मुद्दा थेट हिशोबात शिरतो. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही गटातल्या दहापैकी जवळपास आठ पात्र बायकांची चाचणी झाली होती, म्हणून तो निकाल दिसला. ज्या गावांत निम्म्या बायका बाहेर आहेत तिथे कर्मचारी, गाडी, शिबिर यांचा खर्च तेवढाच होतो आणि लाभ अर्धा. महिना बदलायला जादा पैसा लागत नाही आणि परिणाम दुप्पट होऊ शकतो. आराखड्यात ही सुधारणा सगळ्यात आधी यावी.

तेरणाकाठ (धाराशिव)

सगळ्यांचे आभार. जिल्हा आराखड्यासाठी सूचना पाठवायच्या आहेत, त्यात धाग्यातलं हे घालतो: एचपीव्ही स्व-नमुना निदान ऊसतोड गावांत सुरू करावी, क्षयरोगाच्या यंत्रांवर मोकळा वेळ किती आहे ते मोजावं, दोष निघालेल्या बाईवर तालुक्यालाच उपचार व्हावेत, आणि खर्च मोजताना प्रवास, बुडालेली मजुरी आणि पिशवीच्या ऑपरेशनसाठीचं कर्ज वेगळ्या रकान्यात लिहावं. अर्थशास्त्र_लातूर आणि दुधना, तुम्ही दोघांनी आजच्या किटच्या भावाने तक्ता करून द्याल का? कळंबच्या ताई, महिना कोणता धरू?

कळंबची_आशा

आमच्याकडं टोळ्या दिवाळीच्या मागंपुढं निघतात. त्याआधी पोळा ते दसरा या काळात बायका गावात असतात, सोयाबीन काढणीला जातात पण संध्याकाळी घरी सापडतात. पोळ्यानंतर लगेच धरा. आणि नमुना संध्याकाळी घ्यायचं ठेवा, म्हणजे कुणाचीच मजुरी बुडणार नाही. माझ्या गावातल्या तीस ते साठच्या बायकांची यादी तयार आहे, पाठवू का?

अर्थशास्त्र_लातूर

ताई, नावं इथे टाकू नका, फक्त वयोगटाप्रमाणे संख्या द्या. किती जणी हंगामाला जातात ती संख्याही द्या. तक्ता त्यावरूनच सुरू करतो.